वणवे विझवले, तर रानातले गाणारे पक्षी वाढायला हवेत ना?

निळाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढते आहे.

गेली तीन वर्षं मी जूनमध्ये पक्षीगणनेला जाते. पश्चिम अमेरिकेतलं डोंगरी सूचिपर्णी जंगल. ठरलेल्या थांब्यावर दहा मिनिटं गप्प उभं राहायचं आणि दिसेल, ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी नोंदवायचा. रान इतकं दाट की डोळ्यांना फारसं काम नसतं, सगळी भिस्त कानांवर. यंदा मार्ग थोडा बदलला आणि शेवटचे चार थांबे तीन वर्षांपूर्वी जळालेल्या उतारावर आले. तिथे पान कोरंच राहणार असं मनाशी धरून गेले होते. सगळीकडे काळे उभे खांब, पायाखाली कोळसा. पण दोन-तीन मिनिटांतच माझं लिहिणं आवाजांच्या मागे पडायला लागलं. माउंटन ब्लूबर्डचा नर चोचीत अळी धरून एका काळ्या बुंध्यावर येऊन बसला, आम्हाला बघून थबकला, मग धीर करून ढोलीत शिरला आणि आतून पिल्लांचा एकच गलका उठला. त्याच सकाळी, न जळालेल्या दाट रानातल्या थांब्यांवर, तीच ती चार-पाच नावं मी पुन्हा पुन्हा लिहिली होती.

या भागात गेली शंभर वर्षं दिसेल ती आग विझवली गेली आहे. साधा हिशोब केला तर आग नाही म्हणजे घरटी वाचली, पिल्लं वाचली, पक्षी वाढले पाहिजेत. मग हे उलटं का दिसतं? की चार थांब्यांवरून मी घाईने निष्कर्ष काढते आहे? जाणकारांनी सांगावं.

कोतवाल

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

वाटाड्या

निळाई, प्रश्न योग्य आहे. थोडा इतिहास सांगतो, त्याशिवाय पुढचं लागणार नाही.

अमेरिकेचं वनखातं १९०५ साली सुरू झालं. पाचच वर्षांनी, ऑगस्ट १९१० मध्ये, आयडाहो आणि मोंटाना भागात अवघ्या दोन दिवसांत सुमारे १२ लाख हेक्टर जंगल जळालं. ८० हून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक आग विझवायला गेलेलीच. नव्या खात्याच्या मनावर तो घाव कायमचा राहिला. १९३५ मध्ये नियम निघाला की आगीची खबर आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. १९४४ पासून 'स्मोकी बेअर' हे वनखात्याच्या प्रचारातलं टोपीवालं अस्वल, आग लागू देऊ नका असं फलकांवरून लोकांना बजावू लागलं. दहाचा नियम १९७८ मध्ये गेला, पण सवय गेली नाही.

आता रानाच्या बाजूने बघा. पाँडेरोसा पाइनच्या कोरड्या जंगलात दर काही वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग फिरून जायची. पाचोळा, वाळलं गवत, कोवळी रोपं जळायची. मोठ्या झाडांची साल जाड असल्याने ती काळवंडायची आणि जगायची. झाडं लांब लांब उभी, मध्ये ऊन आणि गवत. ही आग थांबल्यावर प्रत्येक रोप जगलं. सावलीत तग धरणारी फरची झाडं खालून दाटीने वर आली, जमिनीवरचा उजेड गेला, गवत आणि झुडूप मिटलं. जे पक्षी झुडपात घरटं करतात, उघड्यावर झेप घेऊन किडे टिपतात, त्यांची घरटी कोणी जाळली नाहीत, पण घरटं करायला जागाच उरली नाही. दाट छपराखाली राहणाऱ्यांचं, म्हणजे गोल्डन-क्राउन्ड किंगलेट, हर्मिट थ्रश यांचं, बरं चाललं. तुमची 'तीच ती चार-पाच नावं' बहुधा यांचीच असतील.

निळाई

अगदी! किंगलेट आणि हर्मिट थ्रश दोन्ही आहेत यादीत.

ढोली

जळालेल्या रानाबद्दल मला राहवत नाही, म्हणून लिहिते.

आग विझून धूर निघत असतानाच तिथे पहिले येतात ते भुंगेरे. मेलानोफिला नावाच्या काळ्या भुंगेऱ्याच्या अंगावर उष्णतेचे किरण ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे तो लांबून आगीकडे ओढला जातो. नुकत्याच मेलेल्या झाडात राळेचा विरोध उरलेला नसतो, तिथे मादी अंडी घालते. मागून लांब मिशांचे सॉयर भुंगेरे येतात. यांच्या अळ्या लाकूड कुरतडतात तो आवाज उघड्या कानांनी ऐकू येतो. एकदा मी काळ्या खोडाला कान लावला होता. आतून कोणीतरी सावकाश करवत चालवावी तसा कुर्र-कुर्र आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. गाल काळा झाला, पण अर्धा तास मी हलले नाही.

या अळ्यांसाठी ब्लॅक-बॅक्ड वुडपेकर येतो. पाठ कोळशासारखी काळी, जळक्या खोडावर बसला की सापडत नाही. तो दरवर्षी नवी ढोली कोरतो आणि जुनी सोडून देतो. सोडलेल्या ढोलीत ब्लूबर्ड, रेन, चिकडी, असे कठीण लाकडात स्वतःची ढोली कोरू न शकणारे पक्षी राहायला येतात. तुझ्या ब्लूबर्डच्या घराचा गवंडी बहुधा हाच.

पक्षी-अभ्यासक रिचर्ड हटो यांनी १९८८ च्या मोठ्या वणव्यांनंतर उत्तर रॉकी पर्वतरांगांतल्या जळालेल्या जागा पाहिल्या. १९९५ च्या लेखात त्यांनी १५ जाती अशा दाखवल्या, ज्या त्या भागातल्या इतर कुठल्याही प्रकारच्या रानापेक्षा ताज्या जळालेल्या रानात जास्त सापडतात. जळालेलं रान हा त्यांच्यासाठी उजाड पट्टा नाही, राहतं घर आहे. लागलेली प्रत्येक आग विझवली तर हे घर तयारच होत नाही.

चष्मेवाला

लेख छान आहे. एक दुरुस्ती: सुतार पक्षी गाणाऱ्या पक्ष्यांत मोडत नाही. धाग्याचं शीर्षक गाणाऱ्यांचं आहे.

ढोली

मान्य. पण ढोलीत राहणारे भाडेकरू गाणारे आहेत आणि घरमालकाला वगळून त्यांचा विचार करता येत नाही. :)

चष्मेवाला

हा युक्तिवाद पटला. मग माझ्याकडूनही एक घ्या: कावळ्याच्या कुळातला क्लार्क्स नटक्रॅकर शास्त्रीय वर्गीकरणात गाणाऱ्या पक्ष्यांतच येतो. आवाज कर्कश असला तरी! उंच डोंगरावरच्या व्हाइटबार्क पाइनचे शंकू आपोआप उघडत नाहीत. हा पक्षी चोचीने बी काढतो, जिभेखालच्या पिशवीत भरतो आणि जमिनीत चिमूट-चिमूट पुरून ठेवतो, एका मोसमात हजारो बिया. जळालेला मोकळा उतार ही त्याची आवडती जागा. न खाल्लेल्या बिया रुजतात. आग कधीच फिरकली नाही तर सावलीतले फर या पाइनला दाबून टाकतात. त्यात बाहेरून आलेल्या बुरशीने तर कहरच केला आहे. हे झाड २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेलं.

साधा_माणूस

सगळ्यांचं वाचलं. माझा जीव मात्र मानत नाही. मी वणवा जवळून पाहिला आहे. आगीच्या पुढे ससे, साप, किडे धावत सुटतात. जमिनीवर घरटं करणारा पक्षी अंडी उचलून पळू शकत नाही. तुम्ही सगळे आगीनंतरचं बोलताय, आगीच्या दिवसाचं कोण बोलणार? ज्या मादीची पिल्लं गेली तिला 'तीन वर्षांनी इथे ब्लूबर्ड येतील' हे सांगून काय उपयोग?

टेकडीवरची

साधा_माणूस, तुमची तळमळ खरी आहे आणि त्या दिवसाचं नुकसानही खरं आहे. पण आग वर्षात कधी लागते याला फार महत्त्व आहे. पश्चिमेकडच्या सूचिपर्णी रानांत विजेने लागणाऱ्या आगी मुख्यतः उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पसरतात. तोवर बहुतेक पिल्लं उडायला शिकलेली असतात. मोठे पक्षी आगीपासून दूर जातात. पहिली वीण गेली तर बऱ्याच जाती त्याच मोसमात दुसरी घालतात. ऐन विणीत आग लागली तर पिल्लं जातात, हे नाकारता येत नाही. म्हणूनच माणसाने मुद्दाम लावायची आग कोणत्या महिन्यात लावावी यावर इतका खल चालतो.

एखाद्या जातीची संख्या एका वर्षीच्या विणीपेक्षा पुढची दहा-वीस वर्षं राहायला जागा आहे की नाही यावर जास्त ठरते. एका मादीचं दुःख मात्र यात मावत नाही, इथे मी तुमच्याच बाजूची आहे.

धुके

धुराचं काय? पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात ना? २०२० मध्ये न्यू मेक्सिकोत आकाशातून पक्षी पडल्याच्या बातम्या होत्या, त्या वणव्यांमुळेच ना?

टेकडीवरची

त्या वेळी सगळ्यांनी धुरालाच दोष दिला होता. सप्टेंबर २०२० मध्ये दक्षिणेकडे निघालेले असंख्य छोटे पक्षी मेले. तपासणीत मुख्य कारण निघालं उपासमार. अंगावर चरबी उरली नव्हती, स्नायू झिजले होते, त्यात अचानक थंडीची लाट आली. धूर पक्ष्यांना वाईटच. त्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, प्राणवायू जास्त शोषला जातो आणि विषारी कणही. पण ती घटना धुराच्या नावावर घालता येणार नाही.

झुडूप

मी मिशिगनमध्ये काही काळ होतो. तिथल्या एका पक्ष्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

कर्टलंड्स वॉर्बलर. राखाडी पाठ, पिवळं पोट, शेपूट सारखी खाली-वर. हा पक्षी घरटं करतो ते तरुण जॅक पाइनच्या रानात, रेताड जमिनीवर, अगदी खालच्या फांद्यांच्या आडोशाला. झाडं साधारण ५ ते २० वर्षांची असेपर्यंतच. त्यापुढे झाड उंच होतं, खालच्या फांद्या वाळून जातात, आडोसा जातो आणि पक्षी ते रान सोडतो. आता जॅक पाइनची तऱ्हा बघा: त्याचे शंकू राळेने चिकटलेले असतात, आगीच्या धगीने राळ वितळली की उघडतात आणि राखेत बी पडतं. आग नाही तर तरुण रान नाही आणि तरुण रान नाही तर वॉर्बलर नाही.

१९५१ च्या पहिल्या गणनेत गाणारे नर ४३२ होते. १९७१ मध्ये २०१. १९७४ मध्ये १६७. जगातला सगळा आकडा हा! आगी विझवल्या जात होत्या हे एक कारण. दुसरं म्हणजे काउबर्ड. तो कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. १९७२ पासून काउबर्ड पकडायला सुरुवात झाली, त्यामुळे घसरण थांबली, पण आकडा वाढेना. १९८७ मध्ये पुन्हा १६७ च.

मधल्या काळात १९८० च्या मे महिन्यात मॅक लेकजवळ याच पक्ष्यासाठी रान तयार करायला मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर गेली. वनखात्याचा एक तरुण कर्मचारी मेला, ४४ घरं जळाली, सुमारे ९,७०० हेक्टर रान गेलं. त्या राखेतून जे जॅक पाइन उगवले त्यांत १९९० च्या सुमारास वॉर्बलर शिरले आणि आकडा भराभर चढला. पुढे मजुरांनी रोपं लावून, जुनं रान तोडून, ओळी मुद्दाम वाकड्या ठेवून मोकळ्या जागा राखून नवी रानं केली गेली. २०१९ मध्ये पक्षी संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. २०२१ च्या गणनेत २,००० हून अधिक जोड्या होत्या.

पक्षी वाचला याचा मला मनापासून आनंद आहे. तरी त्या रानात उभा असताना दरवेळी तो कर्मचारी आठवतो.

साधा_माणूस

झुडूप, हे वाचून गप्प झालो. शेवटच्या ओळीसाठी आभार.

तमालपत्र

आता दुसरी बाजू मी मांडते, कारण धागा 'आग हवीच' या दिशेला झुकतो आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात नॉइझी स्क्रब-बर्ड नावाचा एक तपकिरी पक्षी आहे. आवाज असा की जवळून ऐकला तर कान दुखावेत. जेमतेम उडतो, दाट गचपणातून पळतच राहतो. मादी एका विणीत एकच अंडं घालते. १८८९ नंतर तो कोणाला दिसला नव्हता, नामशेष समजला गेला. डिसेंबर १९६१ मध्ये टू पीपल्स बे इथे तो पुन्हा सापडला. तिथे गाव वसवायचा बेत होता, तो रद्द झाला आणि १९६७ मध्ये जागा राखीव झाली. मग त्या जागी आग शिरूच द्यायची नाही हे धोरण ठेवलं. रान जुनं होत गेलं, पाचोळ्याचा थर वाढला, त्यात किडे वाढले आणि पक्षी वाढला. पुढे १९८३ पासून काही पक्षी इतर जागी नेऊन सोडले. नंतरच्या मोठ्या आगींनी यातल्या काही वस्त्या जळाल्या आणि संख्या पुन्हा घटली. याला आग विझवणंच वाचवतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या सेजब्रश या झुडपाच्या माळांचं. तिथे चीटग्रास हे परकं गवत माजलं आहे. उन्हाळा लागताच वाळतं, भुसभुशीत काडेपेटी. आग लागली की सेजब्रश मरतं, त्याला मुळातून फूट येत नाही. चीटग्रास पुढच्याच वर्षी हजर, मग पुन्हा आग. सेज थ्रॅशर, ब्रूअर्स स्पॅरो यांना सेजब्रशशिवाय जागा नाही. तिथे आग विझवणारी प्रत्येक तुकडी या पक्ष्यांसाठी उभी असते.

तेव्हा 'वणवे विझवल्याने पक्षी कमी होतात' हे वाक्य रान कुठलं हे सांगितल्याशिवाय पुरं होत नाही.

वाटाड्या

तमालपत्र, शंभर टक्के सहमत. मी पाँडेरोसाबद्दल बोललो आणि ते सगळ्या रानांना लागू असल्यासारखं वाटलं असेल, तर चूक माझी.

गंमतगोष्टी

ऑस्ट्रेलियाचा विषय निघालाच आहे तर तिथले काही पक्षी स्वतःच आग लावतात हे कोणीच सांगितलं नाही! उत्तर ऑस्ट्रेलियात काळी घार, व्हिसलिंग काइट आणि ब्राउन फाल्कन जळकी काडी पायात किंवा चोचीत उचलून पुढच्या गवतात टाकतात आणि पळणारे उंदीर-किडे टिपतात. तिथल्या आदिवासींना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, २०१७ मध्ये शोधनिबंधातही आलं. म्हणजे वनखात्याने आधी यांनाच नोटीस पाठवायला हवी. :D

कोतवाल

नोटीस घेऊन जाणाऱ्याला शुभेच्छा. :)

मशालजी

विद्यार्थी असताना मी दोन मोसम अमेरिकेच्या आग्नेय भागात लाँगलीफ पाइनच्या रानात मुद्दाम आग लावणाऱ्या तुकडीत होतो. म्हणून थोडं सविस्तर.

या रानाचा पसारा एके काळी सुमारे ३.६ कोटी हेक्टर होता, १९९० च्या दशकापर्यंत त्याचा पाच टक्केही उरला नव्हता. तोड आणि शेती ही मोठी कारणं आहेत, पण जे उरलं त्यातलंही बरंच आग थांबवल्याने बिघडलं. पहाटे वारा, दमटपणा, पाचोळ्याचा ओलावा तपासायचा. मग हातात ठिबकती मशाल. डब्यातून डिझेल-पेट्रोलचं मिश्रण जळत्या वातीवरून थेंब-थेंब जमिनीवर पडतं. आधी वाऱ्याच्या उलट दिशेने हळू जाळत एक काळी पट्टी करायची, मग पुढची ओळ. आग गुडघ्याएवढी, चालत मागे राहता येईल इतकी सावकाश. दुपारी सगळं काळं. आठवड्याभरात त्या काळ्यातून वायरग्रासची हिरवी सुई निघते आणि वाढीच्या मोसमातली आग लागली तरच हे गवत नीट फुलतं.

इथला गायक म्हणजे बॅकमन्स स्पॅरो. एक लांब स्वच्छ सूर, मग थरथरती तान. पुढच्या वेळी सूर वेगळा, तान वेगळी. घरटं गवताच्या थोंबाखाली जमिनीवर. त्याला गवताच्या थोंबांमधून पळायला मोकळी वाट लागते. दोन-तीन वर्षांत आग आली नाही की झुडूप माजतं, वाट बुजते आणि चार-पाच वर्षांत तो निघून जातो. ज्या तुकड्यात आग लावायची अशी राहत गेली तिथे मग वसंतात गाणं ऐकू येत नाही, लगेच कळतं.

फ्लोरिडातल्या टॉल टिंबर्स या १९५८ मध्ये सुरू झालेल्या संशोधन केंद्रात एक तुकडा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मुद्दाम न जाळता ठेवला आहे. उघड्या पाइनच्या रानाचं तिथे हळूहळू दाट पानझडी जंगल झालं. आधी बॅकमन्स स्पॅरोसारखे उघड्यावरचे पक्षी गेले, मग रेड-आइड व्हीरिओ, हुडेड वॉर्बलर असे सावलीतले आले. पक्षी संपले नाहीत, बदलले. फरक एवढाच की आलेल्यांना इतरत्र भरपूर जंगल आहे आणि गेलेल्यांना जायला जागा उरली नाही.

निळाई

मशालजी, हा शेवटचा मुद्दा माझ्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. नुसत्या जाती मोजून भागणार नाही, कुठली जात आहे ते बघायला हवं.

पाणवठा

भारतातलं एक उदाहरण या विषयात नेहमी येतं. कर्नाटकातल्या बिळिगिरिरंगन टेकड्यांमध्ये सोलिगा लोक उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाचोळ्याची हलकी आग लावायचे, त्याला ते 'तरगु बेंकी' म्हणतात. १९७४ मध्ये अभयारण्य झालं, आग लावणं बंद झालं. सोलिगांचं म्हणणं असं की त्यानंतर घाणेरी माजली, आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढलं आणि आता आग लागली की ती घाणेरीच्या गचपणातून थेट शेंड्यांपर्यंत चढते. घाणेरीची फळं बुलबुल आवडीने खातात आणि बी पसरवतात. म्हणजे काही पक्ष्यांची चैन झाली आणि त्यांनीच बाकीच्यांची जमीन झाकून टाकली. वणवा आणि हलकी आग यांना दोन वेगळे शब्द त्या लोकांकडे आहेत हे मला फार मोलाचं वाटतं.

हिशोबी

एक शंका. २०१९ च्या अभ्यासानुसार १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले, जवळपास ३० टक्के. सगळ्यात मोठी घट माळरानावरच्या पक्ष्यांत. शेती, कीटकनाशकं, मांजरी, काचेच्या इमारती ही कारणं मोठी नाहीत का? आगीला उगीच जास्त भाव देतोय का आपण?

टेकडीवरची

एकूण घटीचं खापर कोणीच आग विझवण्यावर फोडत नाहीये. पण ज्या जाती थेट आगीवर अवलंबून आहेत त्यांच्यासाठी ते पहिलं कारण असू शकतं. पूर्वेकडच्या ओकच्या रानांचं बघा. हलक्या आगी थांबल्यावर ओकच्या रोपांना उजेड मिळेना, मेपल वरचढ झाला. ओकवर सुरवंटांच्या शेकडो जाती पोसतात, मेपलवर त्या मानाने कमी. चिकडीच्या एका विणीला ६,००० ते ९,००० सुरवंट लागतात. रान हिरवंगार दिसतं, पण पिल्लांच्या चोचीत घालायला कमी पडतं. असली घट कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

रोखठोक

सगळं ठीक. पण जळालेली वठलेली झाडं उभी ठेवणं मला पटत नाही. पुढच्या आगीचं ते इंधन आहे. तोडून वापरात आणा, नवी रोपं लावा.

ढोली

रोखठोक, रस्त्याकडेची आणि वस्तीजवळची धोकादायक झाडं तोडायला माझी ना नाही. पण २००२ च्या 'बिस्किट फायर' या वणव्यानंतर ओरेगॉनमध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की तोड झालेल्या जागी जमिनीवर काटक्या-फांद्यांचं बारीक इंधन वाढलं आणि आपोआप उगवलेली रोपं तोडीच्या कामात मेली. २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा खूप गदारोळ झाला होता. पक्ष्यांच्या दृष्टीने तर प्रश्नच नाही. वठलेली झाडं गेली की अळ्या गेल्या, सुतार गेला, ढोल्या गेल्या. एवढी जळून तयार झालेली जागा त्यांना चार-पाच मोसम तरी मिळू दे.

रोखठोक

बारीक इंधनाचा मुद्दा माहीत नव्हता. वस्तीजवळचं सोडलं तर मी थोडा नरम पडतो.

निळाई

मला आता एक नवाच पेच पडला आहे. आग हवी असेल तर हल्ली एवढे प्रचंड वणवे लागताहेत, मग आगीवरचे पक्षी खूश असायला हवेत. तसं आहे का?

वाटाड्या

नाही, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

अमेरिकेत लागणाऱ्या आगींपैकी शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव विझवणाऱ्यांच्या पहिल्या हल्ल्यातच विझतात. कुठल्या विझतात? थंड दिवशी, कमी वाऱ्यात, ओल्या पाचोळ्यात लागलेल्या. ज्या हलक्या आगी पक्ष्यांना हव्या आहेत, नेमक्या त्याच. निसटतात त्या भर उन्हातल्या, सोसाट्याच्या वाऱ्यातल्या, शतकभराच्या साठलेल्या इंधनावर पोसलेल्या. वातावरण तापल्याने असे दिवस वाढले आहेत. मग हजारो हेक्टर सलग, एकही जिवंत झाड न ठेवता जळतात. अशा पट्ट्याच्या मध्यावर बी पोचत नाही. ब्लॅक-बॅक्ड वुडपेकरलाही सलग काळं नको असतं. जळालेल्यात खायचं आणि जवळ हिरवं रान असावं, विशेषतः पिल्लं उडाल्यावर. कॅलिफोर्नियात २०१४ च्या किंग फायरमध्ये असाच मोठा पट्टा पूर्ण जळाला आणि तिथली ठिपकेवाली घुबडं बरीचशी जागा सोडून गेली.

सिएरा नेवाडातल्या जळालेल्या रानांवरचा २०१६ चा एक अभ्यास आहे. जिथे एकाच आगीत काही भाग हलका, काही मध्यम, काही पूर्ण जळाला होता, तिथे पक्ष्यांची विविधता जास्त होती आणि आगीनंतरची वर्षं जातील तसा हा फरक वाढत गेला. तुमच्या चार थांब्यांभोवती हिरवं रान होतं का?

निळाई

हो. उताराच्या वरच्या अंगाला हिरवी कड होती, शंभर पावलांवर. पट्टाही लहानच, तासाभरात पार करता येईल एवढा.

वाटाड्या

मग तुम्ही पाहिलंत ते योग्य मापाच्या आगीचं रान. तेच चार थांबे दरवर्षी राखा. सहाव्या-सातव्या वर्षी ब्लूबर्ड कमी होऊन झुडपातले लाझुली बंटिंग वाढलेले दिसतील.

निळाई

राखणारच. मी मार्ग आखणाऱ्यांना तसं कळवते. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः साधा_माणूस आणि तमालपत्र यांचे.

ढोली

वारा असेल त्या दिवशी त्या उतारावर जाऊ नकोस. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुळं कुजायला लागतात, खोडं आवाज न करता पडतात. आणि ब्लूबर्डची ती ढोली जमिनीपासून किती उंच होती, आठवतंय?

निळाई

खांद्याएवढी. एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती: भोकाभोवतीची काळी साल कोणीतरी सोलून काढल्यासारखी होती, आतलं लाकूड पिवळट दिसत होतं.

ढोली

मग ती ब्लॅक-बॅक्डचीच. भोकाच्या कडेची साल तो अशीच सोलतो. पुढच्या जूनमध्ये आसपासच्या खोडांवर नवी पिवळी कड शोध, तो अजून तिथेच असेल.